गणपतराव देशमुख 'सलग अकरा वेळा' निवडून आले नव्हते

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) माजी आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, ३० जुलै २०२१ रोजी गेले. तेव्हापासून एक वाक्य सर्रास फिरतंय: 'सलग अकरा वेळा आमदार, एकदाही पराभव नाही, कधी मंत्रिपदही घेतलं नाही.'

यातला अकराचा आकडा खरा आहे, 'सलग' मात्र खोटं. १९६२ आणि १९६७ ला ते जिंकले, १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि १९९० पर्यंतची प्रत्येक निवडणूक जिंकली. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना निसटत्या मतांनी हरवलं. पुढे १९९९ ते २०१४ अशा चार निवडणुका पुन्हा आबासाहेबांच्याच. एकच मतदारसंघ, एकच पक्ष. पक्षांतराच्या काळात हे मला अकराच्या आकड्याहून मोठं वाटतं.

मंत्रिपदाचंही तसंच. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात ते मंत्री होते. बाकी बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर गेली, त्यातून हा समज झाला असावा.

सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा देशातला विक्रमही त्यांचा नाही. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले.

दोनदा हरवूनही दुष्काळी सांगोल्यानं त्यांना पुन्हा पुन्हा निवडलं. त्या मतदारांचा हा निर्णय 'सलग' या एका शब्दाखाली पुसला जातो, म्हणून श्रद्धांजली लिहिताना तो शब्द कृपया गाळा.