‘सिंहासन’च्या मागचा महाराष्ट्र

मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो: तुमच्याच पक्षातले लोक तुम्हाला पाडायला निघालेत. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ या चित्रपटाची (1979) ठिणगी एवढीच. पुढे माणसं बंगल्यांवर जातात, चहा घेतात, फोन फिरवतात, आमदार मोजतात. आज पहिल्यांदा पाहणारे बरेचजण म्हणतात, ‘चांगला आहे, पण फार संथ.’ मला तो कधीच संथ वाटला नाही. का, ते सांगायचं तर त्याआधीचा दहा-पंधरा वर्षांचा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणावा लागतो.

1960 साली राज्य झालं आणि काँग्रेसची मांड इतकी पक्की बसली की विरोधी बाकांवरून सरकार पडेल असं कुणाला वाटतच नव्हतं. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), समाजवादी, कम्युनिस्ट सभागृह दणाणून सोडत, मोर्चे काढत. पण मुख्यमंत्र्याची झोप उडायची ती स्वतःच्याच मंत्रिमंडळामुळे. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाडा असे गट, त्यांच्या पाठीशी साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा. आणि या सगळ्यांवर दिल्ली. वसंतराव नाईक डिसेंबर 1963 पासून फेब्रुवारी 1975 पर्यंत त्या खुर्चीत बसले. ते गेले ते निवडणूक हरून नाही, दिल्लीच्या इच्छेने. मग शंकरराव चव्हाण आले, आणि मे 1977 मध्ये वसंतदादा पाटील. म्हणजे सत्तांतरं होत होती, पण घरातल्या घरात. म्हणूनच ‘सिंहासन’मधला मुख्यमंत्र्यांचा प्रतिस्पर्धी विरोधी पक्षनेता नाही, अर्थमंत्री आहे. डॉ. श्रीराम लागूंचा विश्वासराव दाभाडे आणि अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव एकाच पक्षाचे, एकाच बैठकीत शेजारी बसणारे. आवाज चढवायची सोयच नाही.

बाहेर मात्र सगळं पेटलेलं होतं. 1972च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर आली. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. मुंबईत कामगार संघटनांची ताकद अशी की एक नेता शहर थांबवू शकायचा. सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा पाहताना त्या काळच्या प्रेक्षकाला बंद, संप, आझाद मैदान काही समजावून सांगावं लागलं नसेल. आयातीवरची बंधनं आणि 1968चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांमुळे किनाऱ्यावर सोन्याची तस्करी फोफावली होती. 1974 मध्ये तस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी खास कायदा करावा लागला. चित्रपटात तस्कर आणि राजकारणी यांचे धागे जुळलेले दिसतात, ते या मातीतून आलेले.

हे सगळं जवळून पाहणारा माणूस अरुण साधू. पेशाने पत्रकार, मुंबईच्या वृत्तपत्रांत उमेदवारी केलेला. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा विणली. एका कादंबरीत शहराचा पसारा, दुसरीत खुर्चीचं राजकारण; दोन्ही सांधणारा दुवा म्हणजे पत्रकार दिगू टिपणीस. ही भूमिका निळू फुल्यांना देणं हा माझ्या मते चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय. ‘सामना’ या आधीच्या चित्रपटात पटेल-तेंडुलकर जोडीनेच त्यांना साखरसम्राट हिंदुराव केलं होतं, सत्तेचा माज अंगोपांगी मुरलेला. इथे तेच फुले सत्तेच्या दाराबाहेर ताटकळतात, ऐकतात, टिपतात, हळूहळू आतून पोखरले जातात आणि शेवटी भ्रमिष्टासारखे हसत सुटतात. ते हसणं अंगावर येतं, कारण तोवर पावणेदोन-दोन तास या माणसाने जवळजवळ काहीच दाखवलेलं नसतं.

तारखांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ‘सिंहासन’ कादंबरी 1977ची. फेब्रुवारी 1978च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे दोन तुकडे वेगवेगळे लढले, मग एकत्र येऊन त्यांनी वसंतदादांना मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुड्यांना उपमुख्यमंत्री केलं. चार महिन्यांत, 18 जुलै 1978 रोजी, त्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले सदतीस वर्षांचे शरद पवार पुरोगामी लोकशाही दल (पुलोद) या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. चित्रपट आला तो त्यानंतरच्या वर्षी. कथा आधी लिहिलेली, पण प्रेक्षक ती जुलै 1978च्या आठवणीतून पाहत होता. जिवाजीराव म्हणजे कोण, दाभाडे म्हणजे कोण, हा खेळ तेव्हापासून सुरू आहे. मला त्यात फारसा रस नाही. एकेका पात्रावर एकेक खरं नाव चिकटवलं की उरलेलं सगळं निसटतं: दाभाड्यांच्या घरातली कोंडी, संपावरचे लोक, मुख्यमंत्र्यांचं गोड बोलून एकेकाला बाजूला करणं.

आणखी एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाला माहीत असायला हवी. पक्षांतरबंदी कायदा आला 1985 मध्ये. त्याआधी आमदाराने बाजू बदलली तरी त्याची आमदारकी शाबूत राहायची. सकाळी ‘मी तुमच्याबरोबर’ म्हणून गेलेला संध्याकाळी दुसऱ्या बंगल्यावर दिसू शकत होता, आणि मुख्यमंत्र्याच्या हातात त्याला थोपवायला मंत्रिपद, महामंडळ किंवा एखादं जुनं प्रकरण एवढंच असायचं. त्यामुळे ‘सिंहासन’मध्ये दोन माणसं दिवाणखान्यात हळू आवाजात बोलत असतात तेव्हा तिथे सरकारचं बहुमत पणाला लागलेलं असतं. हे ध्यानात ठेवून तो पुन्हा पाहा. फोनची प्रत्येक घंटा वेगळी ऐकू येईल.