मोठ्या शहरात जाताना भाड्याची गाडी घ्यायची का?

विमानाचं आणि हॉटेलचं ठरलं की आमच्या ग्राहकांचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "तिथे फिरायला एक गाडी घेऊन ठेवू का?" गाडीचं बुकिंग आम्हीही करून देतो आणि त्यात आम्हाला कमिशन मिळतं. हे आधीच सांगतो, कारण हे पत्रक वाचून तुमच्यापैकी बरेच जण गाडी न घेण्याचं ठरवतील, आणि तसं ठरवलं तर आम्हाला ते योग्यच वाटेल.

आमचा सल्ला असा, की सगळ्या सहलीसाठी मिळून एकच निर्णय घेऊ नका. कागदावर दिवस लिहून काढा आणि प्रत्येक दिवसासमोर त्या दिवशी कुठे जायचं आहे ते मांडा. ज्या दिवशी शहराबाहेर पडायचं आहे त्या दिवसाला गाडी. ज्या दिवशी शहरातच फिरायचं आहे त्या दिवसाला मेट्रो, बस, पायी, आणि अडलं तर टॅक्सी. सहा दिवसांच्या सहलीत चार दिवस शहर आणि दोन दिवस बाहेरचा डोंगर किंवा समुद्रकिनारा असेल, तर गाडी दोनच दिवसांची लागते. तरीही विमानतळावर उतरल्या उतरल्या सहा दिवसांसाठी गाडी ताब्यात घेणारे खूप असतात.

उभ्या गाडीचं भाडं

भाडं चोवीस तासांच्या हिशेबानं लागतं, मग गाडी चालो की उभी राहो. शहरातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी दहाला संग्रहालयात शिरलात, दीडला बाहेर आलात, जवळच जेवलात, दुपारी बागेतून चालत जुन्या भागात गेलात, संध्याकाळी नाटक पाहिलं. एवढ्या वेळात गाडी फार तर तासभर चालली असेल. उरलेला वेळ ती कुठे तरी उभी होती, आणि त्या उभं राहण्याचेही पैसे लागत होते. शिवाय नाटकानंतर ती जिथे लावली तिथवर परत चालत जावं लागतं, हॉटेल भलत्याच दिशेला असलं तरी.

हॉटेलच्या वेबसाइटवर "पार्किंग उपलब्ध" असं दिसलं की ते फुकट आहे, असं समजू नका. मोठ्या शहराच्या मध्यभागी त्याचे दर रात्रीला वेगळे पैसे लागतात आणि पुष्कळदा ते हॉटेलच्या इमारतीत नसतंच, दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक गॅरेजमध्ये असतं. म्हणून हॉटेलला तीन गोष्टी विचारा: रात्रीचे किती, जागा राखून मिळते का, आणि दिवसातून दोनदा बाहेर काढली तर पुन्हा पैसे लागतात का.

रस्त्यावर गाडी लावण्याचं तर एक वेगळंच शास्त्र आहे. व्हिएन्नात मार्च 2022 पासून जवळजवळ सगळं शहर अल्पमुदतीच्या पार्किंगखाली आलं आहे. कामाच्या दिवशी सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत बाहेरच्या माणसाला रस्त्यावर एका वेळी दोन तासच गाडी ठेवता येते, तीही पैसे भरून. न्यूयॉर्कमध्ये रस्ता झाडायच्या वेळी रस्त्याची ती बाजू रिकामी करावी लागते आणि त्याचे वार आणि तास खांबावरच्या पाटीवर असतात. एकाच खांबावर तीन-चार पाट्या एकाखाली एक असतात आणि त्या सगळ्या एकत्र वाचायच्या असतात: वरची सांगते की दोन तास चालेल, खालची सांगते की मंगळवारी सकाळी अजिबात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथच्या कडेचा रंग पाहायचा. लाल म्हणजे थांबायचंच नाही, पिवळा मालवाहू गाड्यांसाठी, पांढरा माणसं चढवायला-उतरवायला, हिरवा थोड्या वेळासाठी, निळा अपंगांसाठी. चढावर गाडी लावताना तिथे पुढची चाकं फुटपाथकडे योग्य बाजूला वळवून ठेवणं बंधनकारक आहे. नाही वळवली तर दंड. या शहरात आणखी एक काळजी घ्यायची, ती म्हणजे गाडीत बाहेरून दिसेल असं काहीही ठेवायचं नाही. काच फोडून सामान उचलण्याचे प्रकार तिथे इतके झाले आहेत, की रिकामी पिशवीसुद्धा सीटवर सोडू नये.

वेशीवरचे कॅमेरे

शहराच्या मध्यभागात गाडी आणण्यासाठी शुल्क घेण्याची पद्धत सिंगापूरनं 1975 मध्ये सुरू केली. लंडनमध्ये ती फेब्रुवारी 2003 मध्ये आली, स्टॉकहोममध्ये 2006 च्या चाचणीनंतर 2007 पासून कायमची झाली, मिलानमध्ये 2012 मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 60 व्या रस्त्याच्या दक्षिणेकडे जानेवारी 2025 मध्ये. लंडनमध्ये यावर आणखी एक थर आहे: धूर जास्त सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवरचं शुल्क, जे ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सगळ्या विभागांना लागू आहे. भाड्याच्या गाड्या बहुधा नव्या असल्यानं या दुसऱ्या शुल्कातून सुटतात. पहिल्यातून सुटत नाहीत. यांपैकी बऱ्याच ठिकाणी नाकं नसतं, माणूस नसतो, पैसे मागायला कोणी हात पुढे करत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि गाडी पुढे जाते. शुल्क कंपनी आपोआप भरते की ते तुम्ही स्वतः ऑनलाइन भरायचं असतं, हे गाडी घेतानाच विचारून ठेवा.

इटलीचा प्रकार याहून कडक आहे आणि आमच्या अनुभवात ग्राहकांना सर्वात जास्त मनस्ताप तिथेच होतो. रोम, फ्लॉरेन्स आणि इतर अनेक शहरांच्या जुन्या भागात "झेडटीएल" नावाचे मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत. तिथे परवानगी नसलेली गाडी ठरलेल्या वेळांत नेताच येत नाही. पैसे भरून आत जाण्याची सोय गृहीत धरू नका. पाटी म्हणजे लाल कडेचा पांढरा गोल, तोही अरुंद गल्लीच्या तोंडाशी, आणि नकाशाचं ॲप खुशाल त्याच गल्लीतून रस्ता दाखवू शकतं. पुढे काय होतं ते बघा. कॅमेऱ्यानं नंबर टिपला की नोटीस गाडीच्या मालकाकडे, म्हणजे भाड्याच्या कंपनीकडे जाते. कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे वेगळे पैसे तुमच्या कार्डातून कापते. हा दंड नव्हे. दंड त्यानंतर, कित्येकदा काही महिन्यांनी, टपालानं घरी येतो. एकाच संध्याकाळी हॉटेल शोधताना दोन-तीन वेळा कॅमेऱ्याखालून गेलात, तर प्रत्येक वेळेची वेगळी नोटीस येऊ शकते. हॉटेल अशा पट्ट्यात असेल तर आधी फोन करा. बरीच हॉटेलं सामान उतरवण्यापुरता तुमच्या गाडीचा नंबर कळवून परवानगी मिळवून देतात. त्यासाठी नंबर लागतो आणि तो गाडी हातात आल्यावरच कळतो, म्हणून हा फोन काउंटरवरूनच करून टाका.

टोलचंही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 2013 पासून रोख टोल घेणं बंद आहे. बिनानाक्याचे असे टोल आता अनेक देशांत आहेत. कंपनीचं टोलचं उपकरण घ्यायचं की टोल स्वतः ऑनलाइन भरायचा, हे निघण्यापूर्वी ठरवा. काही कंपन्या उपकरण एकदा वापरलं तरी सगळ्या दिवसांचं शुल्क लावतात.

चालवण्याची सवय

तुम्ही घरी उत्तम चालवत असाल, त्याबद्दल शंका नाही. पण तेरा-चौदा तासांच्या विमानप्रवासानंतर, झोप न झालेल्या अवस्थेत, रस्त्याच्या उलट्या बाजूनं, अनोळखी शहराच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी बाहेर काढणं आम्हाला धोक्याचं वाटतं. ब्रिटन, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, थायलंड, दक्षिण आफ्रिका इथे वाहतूक डावीकडून. अमेरिका आणि युरोपची मुख्य भूमी इथे उजवीकडून. बाजू बदलली की सरळ रस्त्यावर फारसं अडत नाही, पहिल्या वळणावर आणि रिकाम्या रस्त्यावर अडतं, कारण समोरून येणारी गाडी आठवण करून द्यायला नसते.

आणि प्रत्येक शहराची आपली खोड असते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्यावर थांबून, रस्ता मोकळा असेल तर उजवीकडे वळता येतं. न्यूयॉर्क शहरात तशी पाटी असल्याशिवाय वळता येत नाही. मेलबर्नच्या मध्यभागी काही चौकांत उजवीकडे वळायचं असेल तर आधी डावीकडच्या लेनमध्ये जायचं, चौकात पुढे येऊन थांबायचं आणि आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा झाला की वळायचं, म्हणजे मधल्या रुळांवरची ट्राम अडत नाही. पॅरिसमध्ये ऑगस्ट 2021 पासून बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर आहे.

याउलट लंडन, सिंगापूर किंवा न्यूयॉर्कमध्ये बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की मेट्रोत शिरता येतं, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. लंडनमध्ये दिवसभरात कितीही फिरलात तरी भाडं एका ठरावीक मर्यादेपुढे जात नाही. फक्त प्रत्येक माणसाकडे स्वतःचं कार्ड हवं, आणि दिवसभर तेच कार्ड वापरायचं.

गाडी लागतेच, असे प्रसंग

लॉस एंजेलिस किंवा ह्यूस्टनसारखी शहरं गाडी गृहीत धरूनच पसरली आहेत. तिथे दोन ठिकाणांमधलं अंतर बसनं गाठायला अर्धा दिवस जाऊ शकतो, तेव्हा तिथे आम्ही गाडीच सुचवतो. राहण्याची जागा शहराच्या कडेला, स्टेशनपासून लांब असेल तरीही विचार करावा. बरोबर वयस्कर आई-वडील असतील, कोणाला जिने चढवत नसतील, तर आम्ही सहसा चालकासह गाडी सुचवतो. स्वतः चालवली तर आई-वडिलांना दारात उतरवून तुम्ही पार्किंग शोधत फिरणार, आणि ते अनोळखी फुटपाथवर तुमची वाट पाहत उभे राहणार. हे आम्हाला बरोबर वाटत नाही. जुन्या मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट नसते, त्यामुळे अशा कुटुंबांना "मेट्रोनं जा" असंही आम्ही सहज सांगत नाही. जायची स्टेशनं कळवा, लिफ्ट कुठे आहे ते आम्ही पाहून ठेवू.

चार-पाच जण असाल तर हिशेब नक्की मांडा. एका बाजूला प्रत्येकाचं मेट्रोचं भाडं आणि रोजच्या एक-दोन टॅक्सी. दुसऱ्या बाजूला गाडीचं भाडं, विमा, इंधन, हॉटेलचं पार्किंग, दिवसाचं पार्किंग, टोल, प्रवेशशुल्क आणि लहान मुलाची सीट. सीट पाच दिवसांसाठी भाड्यानं घेण्यापेक्षा पुष्कळ विमान कंपन्या ती घरून विनाशुल्क नेऊ देतात, तेही विचारा. रात्रीच्या वेळाही बघा: न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते, टोकियोच्या गाड्या मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत बंद असतात.

घ्यायचीच ठरली, तर

शहरातले दिवस आधी संपवा, मग गाडी घ्या आणि बाहेरची भटकंती करून थेट विमानतळावर परत करा. विमानतळावरच्या शाखेचा अधिभार सहसा जास्त असतो, पण शहरातल्या शाखा रविवारी बंद किंवा शनिवारी अर्धा दिवस उघड्या असतात, म्हणून वेळ पाहिल्याशिवाय बुकिंग करू नका. एका शाखेतून घेऊन दुसरीकडे सोडण्याचे वेगळे पैसे आहेत का, तेही पाहा. आणखी एक मार्ग आम्हाला फार आवडतो: शहरातून बाहेर ट्रेननं जा आणि वाटेतल्या लहान गावाच्या स्टेशनजवळ गाडी घ्या. शहराची गर्दी चुकते आणि उलट्या बाजूची सवय मोकळ्या रस्त्यावर होते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घरून निघण्यापूर्वीच काढावा लागतो आणि मूळ परवान्याबरोबरच तो ग्राह्य धरतात. तो 1949 च्या जिनिव्हा किंवा 1968 च्या व्हिएन्ना करारानुसार असतो. जपानमध्ये 1949 च्या करारातलाच आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, तेव्हा आपला कोणता ते पाहून घ्या. अनामत रक्कम अडकवून ठेवायला बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. चालवणार मुलगा आणि कार्ड वडिलांचं, असं झालं तर काउंटरवर गाडी नाकारली जाऊ शकते. पंचविशीच्या आतल्या चालकाला अनेक ठिकाणी जादा शुल्क असतं. युरोपात हातानं गिअर बदलायच्या गाड्या अजून पुष्कळ असतात, म्हणून ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं लिहा.

विम्याच्या कागदावर दोन जागा वाचा. नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, आणि काय वगळलं आहे. टायर, काच आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, आणि नेमकं त्यांचंच नुकसान सहज होतं.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, मागे रांग असली तरी. फोनवर व्हिडिओ सुरू करून गाडीभोवती एक सावकाश फेरी मारा. चारही चाकांच्या रिमजवळ वाका, कारण फुटपाथला घासल्याचे ओरखडे तिथेच असतात. पुढच्या काचेवर तिरप्या नजरेनं बघा, बारीक तडा समोरून दिसत नाही. छत, बंपरची खालची कड, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा टिपा. सापडलेला प्रत्येक ओरखडा कर्मचाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या, त्यानं तोंडी "ते चालतं" म्हटलं तरीही. परत करताना टाकी भरून द्या, पावती जवळ ठेवा, आणि शाखा बंद असताना चावी पेटीत टाकायची वेळ आली तर तोच व्हिडिओ पुन्हा काढा.

आमच्याशी बोलायला येताना किंवा फोन करताना हे हाताशी ठेवा: दिवसांचा तो कागद, हॉटेलचा पूर्ण पत्ता, माणसं आणि मोठ्या बॅगा किती, लहान मुलांची वयं, चालवणाऱ्याचा परवाना कधीचा आहे आणि क्रेडिट कार्ड कोणाच्या नावावर आहे. हॉटेल अजून ठरलं नसेल तर त्याआधीच या. हॉटेल स्टेशनजवळ मिळालं, तर गाडीचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच मिटतो.