नाव एकच, औषधं दोन

मे 2021 आठवतो? कोरोनातून उठलेल्यांना म्युकर या बुरशीच्या आजाराने गाठलं होतं आणि ‘ॲम्फोटेरिसिन मिळेल का?’ असे मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरत होते. व्हायल मिळालीच, तरी प्रश्न उरायचा: साधं की लायपोसोमल? बुरशी मारणारा रेणू दोन्हींत तोच. मग फरक कसला?

बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असतं. औषध त्याला चिकटतं आणि पटल गळकं होतं. पंचाईत अशी, की आपल्या पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल हे याच अर्गोस्टेरॉलचं चुलतभावंड. त्यामुळे साधं औषध आपल्यालाही सोडत नाही. ताप येतो, हुडहुडी भरते आणि सगळ्यात जास्त मार बसतो मूत्रपिंडांना.

यावर उपाय म्हणजे स्निग्ध पदार्थांचे इवलेसे फुगे, लायपोसोम. आकार 100 नॅनोमीटरच्या आत, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा. औषध फुग्याच्या पोकळीत नसतं, भिंतीतच कोलेस्टेरॉलला बिलगून बसतं. वाटेत ते फारसं सुटत नाही. म्हणून साध्याचा डोस दिवसाला किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास, तर म्युकरला लायपोसोमलचा 5 मिलिग्रॅम किंवा जास्त. नावाच्या घोळात लायपोसोमलचा हा डोस साध्या औषधाने दिला, तर हृदय थांबू शकतं.

खरी गोम कारखान्यात आहे. पॅरासिटामॉलची नक्कल करताना रेणू तोच आणि रक्तात उतरण्याचं प्रमाण तेच, एवढं दाखवलं की बव्हंशी काम भागतं. इथे तसं नाही. घटक तेच, प्रमाण तेच, पण फुगे बनल्यावर त्यांना ऊब देण्याच्या टप्प्यात फरक पडला, तर विषारीपणा बदलतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे सामान सारखं असूनही पाक बिघडतो! तो ओळखण्याची एक चाचणी मला फार आवडते: औषध तांबड्या रक्तपेशींत मिसळायचं आणि त्यांतून पोटॅशियम किती झिरपतं ते मोजायचं. जितकं जास्त झिरपेल, तितकं औषध आपल्या पेशींना घातक.

साहजिकच अमेरिकेचं औषध नियामक एफडीए नक्कल करणाऱ्याकडून फुग्यांचा आकार, भिंतीची रचना, औषध सुटण्याचा वेग अशा सगळ्याचा हिशेब मागतं. मूळ औषध, ॲम्बिसोम, तिथे 1997 मध्ये मंजूर झालं. पहिली जेनेरिक आवृत्ती मंजूर व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. ती मुंबईच्या सन फार्माची.

भारताने वेगळी वाटही धरली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दिल्ली विद्यापीठासोबत स्वतःचं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडवलं. ते देण्याआधी व्हायलला ध्वनिलहरींनी हलवून घ्यावं लागे. फुगाच वेगळा असल्याने ॲम्बिसोमच्या डोसाचे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नव्हते. रुग्णांवरच्या चाचण्याही त्याच्या त्यालाच कराव्या लागल्या.