दशांश लपवणं आणि राउंड करणं: दिसायला सारखं, हिशेबात वेगळं

एक्सेलच्या कॉलममध्ये एकाखाली एक १०, १०, १० असे आकडे दिसतात आणि खाली बेरीज येते ३१. फॉर्म्युला उघडून पाहिला तर तिन्ही ओळी बरोबर धरलेल्या असतात. मग वरचा १ आला कुठून? तिन्ही सेलमध्ये मुळात १०.४ आहे. दशांश कमी करायचं बटण दाबल्यामुळे .४ दिसेनासं झालं. बेरीज मात्र खऱ्या आकड्यांची झाली, ३१.२, आणि तिचाही .२ लपला. शीटने चोख हिशेब केला आहे, पण छापील कागद हातात घेणारा माणूस तो चुकीचाच समजणार, आणि त्याचंही बरोबरच आहे.

दशांश कमी करायचं बटण फक्त सेलचं फॉरमॅट बदलतं. आतला आकडा जसाच्या तसा राहतो. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं की हाताने टाइप केलेला १०.४ तिथे पूर्ण दिसतो. (सेलमध्ये फॉर्म्युला असेल तर बारमध्ये फॉर्म्युलाच दिसतो, तेव्हा दशांश वाढवायचं बटण चार-पाच वेळा दाबून पाहावं.) कधी कधी बटणाला हातही न लावता हे घडतं: फॉरमॅट ‘जनरल’ असेल आणि कॉलम अरुंद असेल, तर मावत नाहीत तेवढे दशांश एक्सेल स्वतःच दिसण्यापुरते कमी करतं.

राउंड हे फंक्शन आकडाच बदलून देतं. =राउंड(बी२,०) लिहिलं की १०.४ चे खरोखरचे १० होतात आणि पुढच्या प्रत्येक हिशेबात १० च धरले जातात. (ही नावं आणि अंक इथे वाचायला देवनागरीत दिले आहेत, शीटमध्ये ते इंग्रजी कीबोर्डनेच टाइप करायचे.) स्वल्पविरामानंतरचा आकडा किती दशांश ठेवायचे ते सांगतो: २ म्हणजे दोन दशांश, ० म्हणजे पूर्णांक, उणे १ म्हणजे जवळचा दशक. त्यामुळे =राउंड(१२४७,-१) चं उत्तर १२५०. बरोबर अर्धा असेल तर तो शून्यापासून दूर सरकतो: २.५ चे ३ आणि उणे २.५ चे उणे ३. नेहमी वरच न्यायचं असेल, उदाहरणार्थ किती खोकी लागतील ते काढताना, तर राउंडअप वापरावं. ४.१ खोकी भरत असतील तर ५ लागतातच.

राउंड वापरताना दोन चुका हमखास होतात. बी२ चा राउंड बी२ मध्येच लिहिला तर सर्क्युलर रेफरन्सची सूचना येते, कारण सेल स्वतःलाच विचारत बसतो. म्हणून शेजारच्या सी कॉलममध्ये लिहावं. दुसरी चूक जास्त फसवी, कारण तिची सूचना येत नाही: सी कॉलम नीट राउंड केला, पण खालची बेरीज अजून बी कॉलमचीच आहे.

कुठे काय वापरायचं? आकडा कुणाच्या हातात द्यायचा, भरायचा किंवा मोजून घ्यायचा असेल, तर त्या ओळीतच राउंड करावं. १०० चे तीन समान वाटे फॉरमॅटने ३३.३३ दिसतील आणि बेरीज १००.०० दिसेल, पण प्रत्यक्षात तीनदा ३३.३३ दिले तर ९९.९९ च होतात. इथे पहिले दोन वाटे राउंड करून तिसरा वाटा ‘एकूण वजा पहिले दोन’ असा काढावा, तो ३३.३४ येतो. उलट सरासरी, दर, टक्केवारी अशा मधल्या पायऱ्यांवर राउंड करू नये. तिथली बारीक तफावत पुढे मोठ्या आकड्याने गुणली की फुगते. तिथे फॉरमॅट पुरे.

इफ (अट खरी की खोटी ते तपासणारं फंक्शन) लावून तुलना करताना फॉरमॅट सगळ्यात जास्त फसवतं. सेलमध्ये ३१ दिसतंय आणि इफ म्हणतंय की ३१ नाही, कारण आत ३१.२ आहे. दशांशांच्या वजाबाकीत तर काहीही न लपवता असं होऊ शकतं. ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत नेमका मावत नाही, म्हणून एक्सेलमध्ये =१*(०.५-०.४-०.१) चं उत्तर ० न येता उणे २.७८ई-१७ येतं, म्हणजे शून्याच्या अगदी जवळचा, पण शून्य नसलेला आकडा. तुलनेआधी दोन्ही बाजू राउंडमध्ये घालाव्यात.

फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांची साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह करताना एक्सेल दिसतो तोच आकडा लिहितं. म्हणजे फॉरमॅटने नुसता लपवलेला .४ तिथे कायमचा गळतो, तेव्हा आधी दशांश पूर्ण दाखवून घ्यावेत. एक्सेलच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘दिसतं तेवढंच अचूक धरा’ असाही पर्याय आहे. तो सोयीचा वाटतो, पण अख्ख्या वर्कबुकला लागू होतो आणि कापलेले दशांश नंतर पर्याय बंद करूनही परत येत नाहीत. आम्ही तो लावू नका असंच सांगू.

हाती आलेल्या शीटमध्ये काय केलंय ते कळत नसेल, तर रिकाम्या कॉलममध्ये =बी२=राउंड(बी२,२) लिहून खालपर्यंत ओढा. जिथे ‘फॉल्स’ येईल, त्या ओळीत दोन दशांशांपलीकडे काहीतरी दडलेलं आहे.