ईमॅक्स ते व्हीएस कोड: वाढवता येणाऱ्या एडिटरांची पार्श्वभूमी

एडिटर म्हणजे कोड किंवा मजकूर लिहायचे सॉफ्टवेअर. त्याला नवी सोय जोडायची ती कोणत्या भाषेत, आणि मूळ कोड कोणाच्या मालकीचा? वाढवता येणाऱ्या एडिटरांच्या घराण्याच्या बहुतेक शाखा या दोनच प्रश्नांवरून फुटल्या.

१९७६ च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टेको हा एडिटर चाले. जो तो त्यात स्वतःचे मॅक्रो (एका बटणावर चालणाऱ्या आज्ञांचे संच) लिही, त्यामुळे एकाची बटणे दुसऱ्याला कळत नसत. ते मॅक्रो एकत्र करायला गाय स्टील यांनी घेतले, रिचर्ड स्टॉलमन यांनी तडीस नेले. हाच पहिला ईमॅक्स. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला. आमच्या मते खरे वळण इथेच आले, कारण आता एडिटर आणि त्याचा विस्तार एकाच भाषेत होता.

१९८१ मध्ये जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी सी भाषेत ईमॅक्स लिहिला. त्यातली विस्ताराची भाषा मॉकलिस्प दिसायला लिस्प, पण त्यात लिस्ट हा लिस्पचा मूळ डेटा-प्रकारच नव्हता. मोठे काम त्यात उभे राहीना. पुढे या ईमॅक्सचे हक्क युनिप्रेस कंपनीला विकले गेले. स्टॉलमन यांच्या नंतरच्या जीएनयू ईमॅक्समध्ये गॉस्लिंग यांचा काही कोड होता, तो त्यांना १९८५ मध्ये काढून नव्याने लिहावा लागला. ल्युसिड ईमॅक्स, म्हणजे नंतरचा एक्सईमॅक्स, नव्वदच्या दशकात जीएनयू ईमॅक्समधून वेगळा निघाला आणि मागे पडला.

दुसरे घराणे बिल जॉय यांच्या व्हीआय या एडिटरचे. त्यातलाच ब्रॅम मूलेनार यांचा व्हिम १९९१ चा. त्यात प्लगिनचे (जोडलेल्या विस्ताराचे) काम संपेपर्यंत टायपिंग अडकून राही. २०१४ मध्ये निओव्हिम निघाला त्यामागे हेही एक कारण होते. त्यात विस्तारासाठी लुआ ही भाषा आली.

त्याच वर्षीच्या ॲटम या एडिटरमध्ये पॅकेजे, म्हणजे विस्तार, एडिटरच्या खिडकीतच चालत. एक जड झाले की सगळे मंदावे. तो २०२२ मध्ये बंद झाला. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड विस्तार वेगळ्या प्रोसेसमध्ये (संगणकावर स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवतो, म्हणून टायपिंग सहसा अडत नाही. मात्र ईमॅक्ससारखी आतली कोणतीही गोष्ट बदलण्याची मुभा त्यात नाही. २०१६ च्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने, म्हणजे एडिटर आणि भाषा समजणारा प्रोग्रॅम यांच्यातल्या संवादाच्या ठरीव पद्धतीने, दर एडिटरसाठी प्रोग्रॅमिंग भाषेचा वेगळा आधार लिहिण्याची गरज संपवली. ईमॅक्स २९ मध्ये त्यासाठीचे एग्लॉट हे पॅकेज आतच येते.

सोलापुरात एकाच डेटा फाइलमध्ये मराठी, कन्नड आणि तेलुगू नावे येणे नेहमीचेच. अशा फाइलसाठी ईमॅक्स २३ ने (२००९) अंतर्गत युनिकोड (सर्व लिप्यांची एकच अक्षर-संकेतपद्धत) आणले, आणि २७ पासून हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने जोडाक्षरे नीट बसतात. ईमॅक्समध्ये मराठी टाइप करायला कंट्रोल-एक्स, एंटर, कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ (भारतीय लिप्यांची कीबोर्ड मांडणी) निवडावे. नंतर नुसते कंट्रोल-बॅकस्लॅश दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. कन्नड आणि तेलुगूसाठीही इनस्क्रिप्ट आहे. टर्मिनलमधल्या (नुसत्या अक्षरांच्या आज्ञा-खिडकीतल्या) व्हिममध्ये मात्र जोडाक्षरे टर्मिनलच्या भरवशावर असतात. व्हिम आणि टर्मिनल या दोघांनी अक्षराची रुंदी वेगळी मोजली की कर्सर एकीकडे दिसतो आणि अक्षर भलतीकडेच खोडले जाते. अशी फाइल ग्राफिकल खिडकीतच दुरुस्त करावी.