होक्काइडो विद्यापीठ

जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइडो बेटावरील राष्ट्रीय विद्यापीठ. मुख्य आवार साप्पोरो शहरात, रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर. मत्स्यविज्ञानाचे आवार दक्षिणेला हाकोदाते बंदरात. बोलताना सारे जण त्याला ‘होकुदाई’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी खुद्द जपानात असलेल्या सात शाही विद्यापीठांपैकी हे एक. त्याचा जन्म मात्र शेतीच्या शाळेतून झाला, आणि ती ओळख त्याने आजही सांभाळली आहे.

1869 मध्ये मेइजी सरकारने या बेटावर वसाहत वसवण्यासाठी ‘काइताकुशी’ हे खाते काढले. थंड मुलखात शेती कशी करायची हे शिकवायला 1876 मध्ये साप्पोरो कृषी महाविद्यालय सुरू झाले. ते उभे करण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम क्लार्क रजा घेऊन आले. त्यांचा मुक्काम जेमतेम आठ महिन्यांचा. नियमांची लांबलचक यादी बाजूला सारून त्यांनी एकच नियम ठेवला: सद्गृहस्थासारखे वागा. एप्रिल 1877 मध्ये शिमामात्सु येथे निरोप देणाऱ्या विद्यार्थ्यांना ते घोड्यावरून म्हणाले, “मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा!” हे वाक्य जपानमध्ये आजही शाळकरी मुलांना पाठ असते. त्यांच्या कल्पनेतून 1877 मध्ये उभा राहिलेला लाकडी गोठा आवारात अजून पाहायला मिळतो. शहराची खूण बनलेला साप्पोरोचा घड्याळमनोरा म्हणजे मुळात याच महाविद्यालयाचे कवायतीचे सभागृह.

शिकवणे इंग्रजीतून चाले. दुसऱ्या तुकडीतून विचारवंत उचिमुरा कान्झो, वनस्पतिशास्त्रज्ञ मियाबे किंगो आणि नितोबे इनाझो बाहेर पडले. ‘पॅसिफिकवरचा पूल’ व्हायचे स्वप्न बाळगणारे नितोबे पुढे राष्ट्रसंघाचे (लीग ऑफ नेशन्स) उपमहासचिव झाले, आणि 1984 पासून वीस वर्षे त्यांचा चेहरा 5,000 येनच्या नोटेवर होता. त्यांचे त्याहून मोठे काम मला वाटते ते 1894 मध्ये साप्पोरोतच सुरू केलेली, गरीब मुलांसाठीची रात्रशाळा. महाविद्यालय 1907 मध्ये तोहोकु शाही विद्यापीठाला जोडले गेले, 1918 मध्ये स्वतंत्र शाही विद्यापीठ झाले आणि 1947 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

साप्पोरोत दर हिवाळ्यात सुमारे 5 मीटर बर्फ पडतो. इतरांसाठी ती फावड्याने बाजूला ढकलायची वस्तू. भौतिकशास्त्रज्ञ नाकाया उकिचिरो यांनी त्याचाच अभ्यास मांडला. कडक थंड खोलीत हिमस्फटिक तयार करताना त्यांनी सुती आणि रेशमी धागे वापरून पाहिले, पण धाग्यावर सगळीकडे हिमकण चिकटून त्याचा सुरवंट होई. शेवटी सशाचा केस कामी आला. त्यावरच्या बारीक गाठींवर स्फटिक सुटे सुटे उमलले, आणि मार्च 1936 मध्ये जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार झाला. त्या जागी आता षटकोनी दगड उभारला आहे. रसायनशास्त्रात सुझुकी अकिरा यांनी इथेच, कार्बनच्या साखळ्या बोरॉन संयुगे आणि पॅलेडियमच्या मदतीने जोडण्याची पद्धत शोधली. तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. औषधे आणि द्रवस्फटिक बनवणाऱ्या उद्योगांनी ती मोकळेपणी वापरली. 2010 मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

विद्यापीठ आपली चार तत्त्वे सांगते: नव्या वाटा शोधण्याची वृत्ती, जागतिक दृष्टी, सर्वांगीण शिक्षण आणि व्यवहारात उतरणारे ज्ञान. जागतिक दृष्टी म्हणजे काय ते झांबियात दिसते. 1980 च्या दशकात तिथल्या विद्यापीठाचे पशुवैद्यक विद्यालय जपानी मदतीतून उभे राहिले, तेव्हा होकुदाईचे प्राध्यापक तिथे जाऊन शिकवत होते. प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या रोगांवरचे दोन्हीकडचे संशोधन त्याच ओळखीवर चालते. 2005 मध्ये साप्पोरोत या विषयाचे स्वतंत्र केंद्रही निघाले.

‘नव्या वाटा’ म्हणताना एक गोष्ट विसरता येत नाही. हे बेट रिकामे नव्हते. ती ऐनू या मूळनिवासी लोकांची भूमी होती. विसाव्या शतकात विद्यापीठाच्या संशोधकांनी ऐनूंच्या कबरी उकरून अस्थी प्रयोगशाळेत आणल्या आणि त्या दशकानुदशके कपाटांत राहिल्या. पुढे आवारातच अस्थींसाठी वास्तू बांधली गेली. 2007 मध्ये ऐनू व आदिवासी अभ्यासाचे केंद्र निघाले. पण पूर्वज परत मिळावेत म्हणून 2012 मध्ये ऐनू वंशजांना न्यायालयात जावे लागले. तडजोड झाल्यावर 2016 मध्ये उराकावा येथील बारा जणांच्या अस्थी गावी परतल्या आणि ऐनू रीतीने पुन्हा मातीत ठेवल्या गेल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच अस्थी आता शिराओई येथील ‘उपोपोय’ या राष्ट्रीय ऐनू संग्रहालय व उद्यानाच्या स्मृतिस्थळी आहेत.