शाळेतला ग्रंथपाल ‘शिक्षकेतर’ कसा काय? थोडी पार्श्वभूमी

लायब्ररी आहे पण बघणारं कोणी नाही, ही तक्रार आजची नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगानेच लिहून ठेवलंय की बहुतेक शाळांत नाव घेण्याजोगी लायब्ररी नाही, पुस्तकं जुनाट, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, आणि कारभार एखाद्या क्लार्ककडे नाहीतर रस नसलेल्या मास्तरांकडे. प्रशिक्षित ग्रंथपाल नेमा असंही तेव्हाच सांगून झालं होतं. पुढे १९८७ च्या खडू-फळा योजनेत प्राथमिक शाळांना पुस्तकं मिळाली, ग्रंथपाल नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात हायस्कूलमध्ये ग्रंथपालाचं पद आलं, पण ते पटसंख्येला बांधलेलं. मोठ्या शाळेला पूर्णवेळ, मधल्या शाळेला अर्धवेळ, लहान शाळेला काहीच नाही, असा हिशोब होता. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा असायचा, पण पुस्तकांचं दाखल रजिस्टर, देवघेव, फाटक्या पुस्तकांची बांधणी हे सगळं अख्खंच. आणि त्यात तो ‘शिक्षकेतर’ शब्द! क्लार्क, लॅब असिस्टंट, शिपाई यांच्या यादीत ग्रंथपाल. म्हणायला हे फक्त वर्गीकरण, पण मग टाइमटेबलमध्ये लायब्ररीचा तास असला तरी तो हक्काचा राहत नाही, परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, आणि ग्रंथपाल बाईंना ऑफिसात फॉर्म भरायला बसवतात. पुस्तक हरवलं तर जाब यांनाच, म्हणून कपाटाला कुलूप. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. सातवीतली मुलगी ज्वालामुखीच्या प्रोजेक्टसाठी येते, जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून चाळायला लागते, आणि बाई म्हणतात, “अगं आधी मागची सूची बघ, ‘ज’ काढ.” त्या दोन मिनिटांत ती जे शिकली ते शिकवणं नाही तर काय?

२०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत लायब्ररी हवी म्हटलं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत, चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक आहेत, ग्रंथपाल कुठेच नाही. २०१८ पासून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना पुस्तकांसाठी वर्षाला ५ ते २० हजार मिळू लागले, तेही पुस्तकांसाठीच. गठ्ठे येतात, एखादे गुरुजी आपला वर्ग सांभाळून शिक्के मारतात, नंबर टाकतात, आणि देवघेव जमेल तशी शनिवारी.